बहि:शाल व्याख्यानात श्रोत्यांना बोलतं कसं करावं?

प्रवराकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी संगमनेर-अकोले भागातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या बहि:शाल केंद्राचं कार्यवाहपदही माझ्याकडे आहे. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुणे विद्यापीठाचं बहि:शाल शिक्षण मंडळ पुणे, नगर आणि नाशिक जिल्ह्यांत तीन दिवसांची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला भरवतं. जयकर म्हणजे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. वक्ते आणि विषय यांची यादी विद्यापीठाकडून येते. त्यातून निवड करायची, तारखा जुळवायच्या आणि व्याख्यान सर्वांसाठी खुलं ठेवायचं. ज्यांनी कधी विद्यापीठाची पायरी चढली नाही त्यांच्यापर्यंत विद्यापीठानं जावं, हा यामागचा हेतू. शेतकरी, दुकानदार, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त पोस्टमन, कुणीही येऊन बसावं.

मला हे काम मनापासून आवडतं, म्हणूनच इथे विचारतोय.

गेल्या खेपेला एक व्याख्यान संघराज्य व्यवस्थेवर होतं. वक्ते अभ्यासू, तयारी करून आलेले, हातात टिपणांचे कागद. कार्यक्रम अकराचा. आधी दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत. मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ. व्यासपीठावर जेवढे बसले होते तेवढ्यांचे सत्कार, त्यातल्या दोघांची मनोगतं. वक्ते उभे राहिले तेव्हा सव्वाबारा होऊन गेले होते. वित्त आयोग राज्यांना केंद्रीय करांतला वाटा कसा ठरवून देतो, ४१ टक्के हा आकडा आला कुठून, इथपर्यंत ते आले आणि त्यांच्यापुढे चिठ्ठी गेली. मग अध्यक्षीय समारोप, आभार, राष्ट्रगीत. प्रश्नांसाठी एक मिनिटही नव्हतं.

बाहेर वक्ते गाडीत बसत असताना द्वितीय वर्षाची एक मुलगी वही घेऊन आली. तिनं विचारलं, "सर, राज्यांना मिळणारी जीएसटीची भरपाई पाच वर्षांनी बंद झाली. आता केंद्राचं आणि एखाद्या राज्याचं पैशांवरून भांडण झालं तर राज्यानं जायचं कुठे?" वक्ते गाडीतून उतरले. गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून त्यांनी तिला घटनेतलं १३१ वं कलम समजावलं, केंद्र आणि राज्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात कसा जातो ते सांगितलं. २७९ अ कलमात जीएसटी परिषदेनंच वाद सोडवण्याची यंत्रणा उभारावी असं म्हटलंय, तेही सांगितलं. दहा मिनिटं चाललेलं ते बोलणं त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं होतं. ऐकायला होतो आम्ही तिघं. सभागृहातली दोनशे मुलं तोवर कँटीनला गेली होती.

हा प्रश्न सभागृहात, माईकवर, सगळ्यांसमोर यायला हवा होता. माझं स्पष्ट मत आहे की व्याख्यानाचा निम्मा वेळ श्रोत्यांचा असला पाहिजे. पण ते घडवायचं कसं? सत्कार कमी करायला सुचवलं की माणसं दुखावतात. मुलं हजेरीसाठी बसवलेली असतात. गावातली माणसं येत नाहीत, कारण सकाळी अकराला कोण मोकळं असतं? शिवाय विषय ठरवताना दरवेळी आग्रह होतो की स्पर्धा परीक्षा किंवा व्यक्तिमत्त्व विकास ठेवा, राजकारण नको. त्या विषयांना माझा विरोध नाही, त्यांच्यासाठी वेगळे कार्यक्रम होतातच. पण तीन दिवसांची ही एकच जागा अशी आहे जिथे राज्य कसं चालतं, समाज कसा घडतो यावर उघड बोलता येईल. ती हातची जाऊ द्यायची नाही.

ज्यांनी व्याख्यानमाला चालवल्या आहेत किंवा भरपूर ऐकल्या आहेत त्यांनी अनुभव सांगावेत.

---

गोदाघाट

सर, मी नाशिकचा. आता सत्तरी ओलांडली आहे. आमच्याकडची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणावर भरते. लहानपणी वडिलांबरोबर जायचो, पुढे मित्रांबरोबर, आता एकटा जातो. त्या जागेचं वैशिष्ट्य असं की तिला दार नाही. संध्याकाळी नदीवर आलेला माणूस उभ्याउभ्या ऐकतो, पटलं तर बसतो, नाही पटलं तर निघून जातो. वक्त्याला ते समोर दिसत असतं. दोनशे मुलं हजेरीसाठी बसवली तर वक्त्याला कळणारच नाही की आपलं बोलणं कुठे तुटतंय.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की तीनपैकी निदान एक व्याख्यान महाविद्यालयाच्या बाहेर काढा. आसपासच्या एखाद्या गावात, मारुतीच्या देवळापुढे किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, रात्री जेवणं झाल्यावर. पूर्वी बहि:शालची व्याख्यानं आमच्या आजोळी अशीच व्हायची. रॉकेलच्या बत्तीच्या उजेडात सहकार या विषयावरचं एक व्याख्यान मी ऐकलंय. ते संपल्यावर लोक उठलेच नाहीत. सोसायटीचं कर्ज, उसाचा दर, सगळं निघालं. वक्ते मुक्कामालाच होते, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. वक्त्यांना मुक्कामाला ठेवा, सर. परतीची गाडी उभी असली की त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे जातं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते योग्यच आहे. वक्तृत्वोत्तेजक सभेनं ती आजवर चालवली, अजूनही २१ एप्रिल ते २० मे असा महिना ती भरते. पण त्याच पुण्यात दोन वर्षं आधी, २४ सप्टेंबर १८७३ ला, सत्यशोधक समाज स्थापन झाला होता. पुढे सत्यशोधकांचे जलसे, म्हणजे गाण्या-संवादांतून विचार मांडणारे खेळ, गावोगाव फिरले. विचार तोच गंभीर, जातीचा, शिक्षणाचा, सावकारीचा, पण सांगण्याची रीत सवाल-जवाबाची. जलशात समोरचा माणूस गप्प बसत नाही, त्याला हसू येतं, राग येतो, तो मध्येच बोलतो. आपल्या विद्यापीठांनी व्याख्यानमालेचं वळण घेतलं आणि जलशाचं सोडून दिलं. तुम्हाला जो निम्मा वेळ हवा आहे ना, तो त्या दुसऱ्या परंपरेत होता.

सत्काराचं म्हणाल तर त्यावर उपाय आहे. सत्कार व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं झाल्यावर ठेवा. ज्याला सत्कार हवा आहे तो शेवटपर्यंत थांबेल आणि त्यानिमित्तानं सगळं ऐकेल.

---

कृष्णाकाठची

मी मूळची कराडची, सध्या लंडनमध्ये शिकतेय. प्रवराकाठ सर, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण गेली काही वर्षं मी हेच पाहतेय.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची जाहीर व्याख्यानं जवळजवळ प्रत्येक आठवड्याला असतात. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळवली ती हीच संस्था. प्रवेश फुकट असतो आणि कुणालाही येता येतं. माझ्या शेजारी कधी पेन्शनर आजोबा असतात, कधी कामावरून थेट आलेली नर्स. वेळ बहुतेक संध्याकाळी साडेसहाची, म्हणजे ऑफिसं सुटल्यावरची. सगळं मिळून दीड तास. सूत्रसंचालन करणारा प्राध्यापक दोन-तीन मिनिटांत वक्त्याची ओळख करून देतो आणि बसतो. हार नाही, दिवा नाही. वक्ता पाऊण तासाच्या आसपास बोलतो. उरलेला वेळ श्रोत्यांचा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या प्राध्यापकानं, म्हणजे तिथल्या अध्यक्षानं. तो आधीच सांगतो: नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, प्रश्न छोटा ठेवा. माईक घेऊन विद्यार्थी स्वयंसेवक मागच्या रांगांपासून सुरुवात करतात. अध्यक्ष तीन प्रश्न एकदम घेतो, मग वक्ता तिन्हींना मिळून उत्तर देतो. याचा फायदा असा की एखादा प्रश्न कच्चा असला तरी विचारणारा उघडा पडत नाही, आणि वक्त्यालाही विचार करायला सवड मिळते. कुणी प्रश्नाऐवजी भाषण सुरू केलं तर अध्यक्ष मध्येच, अगदी नम्रपणे, "तुमचा प्रश्न काय?" असं विचारतो. असे लोक इथेही असतात, बरं का. फरक पडतो तो अध्यक्षामुळे. आपल्याकडे अध्यक्ष म्हणजे शेवटी बोलणारी मोठी व्यक्ती. तिथे अध्यक्षाचं काम वेळ सांभाळायचं आणि प्रश्न वाटायचे. सर, तुम्ही स्वतः अध्यक्षाच्या खुर्चीत बसा आणि समारोपाचं भाषण करू नका. एवढ्यानंच वीस मिनिटं वाचतील.

विद्यापीठानं बाहेर पडून लोकांसाठी व्याख्यानं द्यायची ही चाल केंब्रिजनं १८७३ मध्ये अधिकृतपणे सुरू केली. तिथल्या शिक्षकांनी गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या गावांत जाऊन कामगारांना आणि शिक्षणाची दारं बंद असलेल्या स्त्रियांना शिकवलं. आपलं बहि:शाल त्याच वाटेवरचं. त्याहून जुनं म्हणजे लंडनचं ग्रेशम कॉलेज. टॉमस ग्रेशम नावाच्या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून १५९७ साली ते सुरू झालं. ते पदवी देत नाही, फक्त लोकांसाठी फुकट व्याख्यानं देतं आणि अजूनही देतंय. २८ नोव्हेंबर १६६० रोजी तिथे ख्रिस्तोफर रेन यांचं खगोलशास्त्रावरचं व्याख्यान झालं. ते संपल्यावर बाराएक जण मागे थांबले, गप्पा मारत बसले, आणि त्या बैठकीत त्यांनी जी संस्था काढायचं ठरवलं तीच पुढे रॉयल सोसायटी झाली. रेन त्या दिवशी काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण ती मागे थांबलेली माणसं मला नेहमी आठवतात. तुमच्या त्या मुलीला आणि वक्त्यांना दहा मिनिटं मिळाली ती गाडीपाशी. त्यांना बसायला खोली द्या, चहा द्या. व्याख्यानानंतरचा अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत छापा.

---

प्रवराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सत्कार शेवटी ठेवायची सूचना मी प्राचार्यांपुढे मांडणार आहे, आणि अध्यक्षाच्या कामाचं तर मी लगेच टिपून घेतलं.

वेळेबद्दल मात्र एक अडचण आहे. संध्याकाळचं व्याख्यान ठेवलं की गावातले लोक येतील, पण आमच्या निम्म्या मुली गळतील. बऱ्याच जणी वरच्या डोंगरपट्ट्यातून एसटीनं येतात. पासाच्या गाडीची शेवटची फेरी संध्याकाळी लवकर सुटते, ती चुकली तर त्यांना घरी जायला साधन नाही. ज्या मुलीनं तो प्रश्न विचारला तीही त्यातलीच. तिच्याशिवायचं व्याख्यान मला नको आहे. एक व्याख्यान रात्री गावात, दोन दुपारी महाविद्यालयात, असं करून पाहता येईल. दुपारी दोननंतर दुकानांना जरा उसंत असते, गुरुवारी तर बाजारच बंद असतो.

राहिला विषयाचा प्रश्न. राजकारण हा शब्द ऐकला की संस्थेतल्या लोकांना निवडणूक आठवते. मग एखाद्या पक्षाचं भाषण होईल अशी भीती वाटते. असा कोणता विषय घ्यावा जो खरा राजकीय असेल, गावातल्या माणसाच्या जिव्हाळ्याचा असेल, आणि ज्यावर अभ्यासानंच बोलावं लागेल?

---

नाथसागर

पाणी. दुसरा विषयच शोधू नका.

मी पैठण तालुक्यातला शेतकरी, एमए झालेला. तुमच्या भंडारदऱ्याचं, निळवंड्याचं पाणी प्रवरेतून गोदावरीत येतं आणि आमच्या जायकवाडीत जमा होतं. म्हणजे यायला पाहिजे. पाऊस कमी झाला की दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडे पाणी सोडू नये म्हणून आंदोलन होतं, आमच्याकडे सोडावं म्हणून. दोन्हीकडचे पुढारी दोन्हीकडच्या सभेत टाळ्या घेतात. कायदा काय म्हणतो हे मात्र कुठल्याच सभेत कुणी वाचून दाखवत नाही. विद्यापीठाच्या व्याख्यानाचं काम नेमकं तिथे आहे, सर.

२००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या १२ (६) (ग) कलमात टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखी सोसावी असं तत्त्व आहे. ते प्रत्यक्षात आणायचं कसं, यावर मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये सूत्र दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं याचे तक्ते त्यात आहेत. पुढच्याच वर्षी प्राधिकरणाचा आदेश आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा वरून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला, आणि पुन्हा दोन्हीकडे रस्ते अडले. सूत्राचा फेरविचार करायला अभ्यासगटही नेमला गेला. हे सगळं मी कागद वाचून शिकलो. ते कागद मिळवायला मला फार हिंडावं लागलं, कारण आमच्या भागात ते समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

बघा, यात किती गोष्टी येतात. नदी कुणाची? धरण आधी बांधलं त्याचा हक्क जास्त का? तुमचं भंडारदरा १९२६ साली पूर्ण झालं, आमचं जायकवाडी १९७६ मध्ये. मग पन्नास वर्षं आधी आलेल्या कालव्याच्या टोकावरचा शेतकरी मोठा, की धरणात जमीन गेलेला विस्थापित? ऊस घ्यावा की नाही हे सरकारनं सांगावं का? ज्याला जमीनच नाही त्याचा पाण्यावर हक्क आहे की नाही? न्याय या संकल्पनेवर तुम्ही वर्गात जे शिकवता ते सगळं इथे प्रत्यक्ष आहे.

माझी एकच अट. वक्ता तुमच्याच बाजूचा बोलावू नका. एक तुमचा, एक आमच्या बाजूचा बोलवा, आणि दोघांच्याही हातात कायद्याची प्रत द्या. लोक चिडतील. चिडू द्या. आपल्याला न आवडणारी गोष्ट पहिल्यांदा शांतपणे ऐकायची सवय या दोन्ही जिल्ह्यांना लागली पाहिजे, मी अगदी तळमळीनं सांगतोय. आमच्या गावात हरभरा करपताना मी पाहिलाय आणि तुमच्या कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा शेतकरीही कोरडाच असतो हेही मला माहीत आहे. हे दोघं एकमेकांशी कधी बोललेलेच नाहीत.

---

जुनं_नगर

नाथसागर यांनी लिहिलंय त्याला माझा पूर्ण दुजोरा. मी ग्रंथालयात नोकरी केली, म्हणून मला यातली एक उणीव जाणवते. हे दोघं पाण्यावर बोलले, लोकांनी प्रश्न विचारले, उत्तम झालं. पण दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडेल तेव्हा त्यातलं काय हाती राहील?

तुमच्या केंद्रात व्याख्यानांनंतर काय उरतं? उपस्थितीपत्रक, जिओटॅग केलेले फोटो आणि अर्ध्या पानाचा अहवाल, "वक्त्यांनी मौलिक मार्गदर्शन केले". कुठल्याही केंद्राची फाईल उघडा, हेच वाक्य सापडेल. वक्ता काय बोलला ते कुठेच नसतं.

आता आमच्या नगरचंच सांगतो. ३१ मे आणि १ जून १९१६ ला लोकमान्यांनी नगरला होमरूलवर भाषणं केली. ती आज आपल्याला वाचायला मिळतात, यामागे सरकारी पोलिसांचा मोठा हात आहे. त्यांचे लघुलेखक सभेत बसून उतरवून घेत होते. त्या आणि बेळगावच्या भाषणांवरून टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका (चांगल्या वर्तणुकीची लेखी हमी) मागण्यात आला, आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूनं उभे होते. खटल्यासाठी का होईना, एकेक वाक्य नोंदलं गेलं. त्या काळात नगरमध्ये आणखी कितीतरी जण बोलले असतील, त्यांचं काही उरलं नाही.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात २९ जानेवारी १९३९ ला त्यांनी काळे स्मृती व्याख्यान दिलं, विषय होता १९३५ च्या भारत सरकार कायद्यातलं संघराज्य. प्रवराकाठ सर, तुमच्या गेल्या खेपेचाच विषय! ते त्यांनी त्याच वर्षी पुस्तकरूपानं छापलं. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या एकशेएकाव्या जयंतीला डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून ते पुण्यातच बोलले, तेही छापलं. आणि १९३६ चं लाहोरचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असावं. जात-पात तोडक मंडळानं भाषणाचा मसुदा वाचला, त्यात बदल मागितले, त्यांनी नकार दिला, अधिवेशनच रद्द झालं. ते भाषण कधी झालंच नाही. त्यांनी ते स्वखर्चानं छापलं आणि गेली नव्वद वर्षं लोक ते वाचताहेत. भाषण लिहून तयार होतं म्हणून हे शक्य झालं.

वक्त्याला निमंत्रण देतानाच लिहा की व्याख्यानाचा मजकूर, निदान सविस्तर टिपण, आधी हवं. टिपणाच्या प्रती आठवडाभर आधी ग्रंथालयात आणि गावच्या वाचनालयात ठेवा, म्हणजे प्रश्नही आधीपासून तयार होतील. व्याख्यान मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. चार विद्यार्थ्यांना ते उतरवून काढायचं काम द्या, मराठीच्या आणि राज्यशास्त्राच्या मिळून. त्यांना त्याचं प्रमाणपत्र आणि शक्य असेल तर मानधन द्या. आणि माझा आग्रह असा की छापताना श्रोत्यांचे प्रश्नही छापा, विचारणाऱ्याच्या गावासकट. मोठी पुस्तिका नको, बत्तीस पानं पुरेत. अकोले तालुक्यातल्या शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न छापलेला दिसला की पुढच्या वर्षी त्याचा भाऊ येईल.

---

आढळा

सर, मी आपल्याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी. तुम्ही कोण ते मी ओळखलंय, पण नाव लिहीत नाही.

मुली प्रश्न का विचारत नाहीत ते मी सांगते. सभागृहात मुली डावीकडे, मुलं उजवीकडे, आणि माईक असतो उजवीकडच्या भिंतीपाशी. प्रश्न विचारायचा तर सगळ्या सभेसमोरून चालत जायचं. पुढच्या दोन रांगांत सगळे सर-मॅडम. चुकीचं विचारलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात बोलतील असं वाटतं. मला तीन वर्षांत कितीतरी प्रश्न पडले. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे.

ताईंनी लंडनचं लिहिलंय तसा माईक आमच्यापर्यंत फिरवा. त्याबरोबर चिठ्ठ्याही ठेवा. कोऱ्या चिठ्ठ्या आधीच प्रत्येक खुर्चीवर ठेवायच्या, नाव लिहायची सक्ती नको. गोळा करायला मुलीच असू देत. आणि त्या चिठ्ठ्या निवडण्यासाठी कुणा सरांकडे जाऊ नयेत, थेट वक्त्यांकडे जाव्यात. एकदा आमच्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या, पण त्या टेबलावर नुसत्या पडून राहिल्या, एकही वाचली नाही. त्यानंतर कुणी चिठ्ठी दिली नाही.

पाण्याचं व्याख्यान ठेवाल तर ते बायकांसाठीही ठेवा. हंडा आम्हीच वाहतो. आमच्या वाडीला धरण दिसतं आणि उन्हाळ्यात टँकर येतो. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांत वाटणी होते तेव्हा धरणाच्या कडेला राहणाऱ्यांचं नाव त्यात कुठे येतं, हा माझा प्रश्न आहे. तो मी दोन्ही वक्त्यांना विचारीन. रात्रीचं व्याख्यान आमच्या वाडीजवळच्या गावात ठेवलंत तर आई आणि आजीही येतील.

---

प्रवराकाठ

आढळा, तुमचा प्रश्न पहिला घेऊ. चिठ्ठीवर नको, माईकवरच विचारा.

जुनं_नगर, मजकूर आधी मागायची सूचना मी या वर्षीच्या निमंत्रणपत्रात घालतो. ग्रंथपाल मॅडमशी बोललो, टिपणांच्या प्रती ठेवायला त्या तयार आहेत. उतरवून काढायचं काम दोन मुलींनी आणि एका मुलानं आपणहून मागितलंय. छपाईचा खर्च कसा भागवायचा ते पाहावं लागेल. बहि:शालच्या अनुदानात तो बसत नाही, पण आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी दोघांचे छापखाने आहेत.

रात्रीचं व्याख्यान वरच्या गावात ठेवायचं मी पक्कं केलं आहे. सरपंचबाईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, देवळापुढे जागा आहे, लाइट गेली तर जनरेटर लावू, पण भात कापणी झाल्यावर या. म्हणजे नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा. पाण्याचा वाद तेव्हा तापलेलाच असतो. प्राचार्यांना थोडी धास्ती आहे. मी त्यांना हा सगळा धागा छापून दिला आणि दोन्ही बाजूंचे वक्ते असतील असं सांगितलं, तेव्हा त्यांनी होकार दिला. गोदाघाट काका, वक्त्यांचा मुक्काम माझ्या घरीच.

नाथसागर, आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्या बाजूचा वक्ता मी शोधतो, निवृत्त अभियंते आहेत एक, कायदा त्यांना पाठ आहे. तुमच्या बाजूनं कोण येईल ते कळवा, आणि शक्य असेल तर गावातले चार-पाच शेतकरी बरोबर घेऊन या. पैठणहून यायला-जायला जीप लागेल, तिचं भाडं आम्ही इथे गोळा करतो. मेंढेगिरी समितीचे ते तक्ते तुमच्याकडे असतील तर त्यांच्या झेरॉक्स आधी पाठवा. आठवडाभर आधी ते वरच्या गावात वाटायचे आहेत.